तापाची आणेवारी

डॉ. शरद देवचक्के आयुष्यात एकदाच वर्तमानपत्राच्या कचेरीत तक्रार घेऊन आले. तक्रार स्वतःच्या स्तुतीविरुद्ध होती.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. मी नाशिकच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. आरोग्य, पाणीपुरवठा आणि बाजार समिती हे माझे विषय. घोटीच्या एका दवाखान्यात तापाचे निदान करताना डॉक्टर संगणकाचा सल्ला घेतात, अशी बातमी मी दिली होती. बातमी बरोबर होती. मथळा उपसंपादकाने दिला: 'घोटीत संगणक करणार रोगाचे अचूक निदान'. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता डॉक्टर हजर. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशाला तीन पेने, काखेत छत्री. त्यांनी कात्रण संपादकांच्या टेबलावर ठेवले. 'अचूक' या शब्दाखाली लाल रेघ होती.

"एवढा शब्द मागे घ्या," ते म्हणाले.

"अहो डॉक्टर, चांगलंच छापलंय की तुमच्याबद्दल," संपादक म्हणाले.

"माझ्याबद्दल चांगलं आहे. तापाबद्दल खोटं आहे."

तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला: 'घोटी येथील संगणक रोगाचे अचूक निदान करत नाही, असे डॉ. देवचक्के यांनी कळविले आहे.' आठवड्याने मी घोटीला गेलो तेव्हा दवाखान्याचा बाक निम्मा रिकामा होता. कंपाउंडर काशिनाथ दारात उभा राहून पलीकडच्या दवाखान्यातली गर्दी मोजत होता.

"पेपरात आलं ना, मशीन बिघडलं म्हणून," तो मला म्हणाला. "लोकं तिकडं गेली. तुमचंच काम हाय हे."

आतून डॉक्टरांचा आवाज आला. "बरं झालं. आज तापाच्या चिठ्ठ्या लावून होतील."

डॉक्टर पंचवटीत राहत आणि रोज सकाळी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून बस धरून घोटीला जात. शहरात दवाखाना का काढला नाही, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, शहरात माणूस आधी तपासण्या करून मग डॉक्टरकडे येतो, घोटीत फक्त ताप घेऊन येतो. मला तापात रस आहे. ही त्यांची नेहमीची पद्धत होती. लांबलचक कारण असेल तरी ते एका ओळीत सांगून मोकळे होत.

घोटीचा ताप सोपा नव्हता. पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यातल्या भाताच्या गावांतून रोज पंधरा-वीस माणसे ताप घेऊन येत. मलेरिया असे, टायफॉईड असे, साधा चार दिवसांचा ताप असे. क्वचित लेप्टोस्पायरोसिस असे. हा उंदरांच्या मुतातून चिखलपाण्यात उतरतो, पायाच्या भेगांतून अंगात शिरतो आणि वेळेवर कळला नाही तर मूत्रपिंडे बंद पाडतो. पहिल्या तीन-चार दिवसांत हे सगळे ताप एकमेकांसारखे दिसतात. मलेरियाची काच डॉक्टर स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. टायफॉईडचा रिपोर्ट नाशिकहून दोन दिवसांनी येई. लेप्टोचा मुंबईहून येई, दहा-बारा दिवसांनी. तोवर माणूस बरा झालेला असे किंवा नसे.

म्हणून त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न रोगाच्या नावाचा नव्हताच. या माणसाला घोटीत ठेवायचे की आत्ता नाशिकला पाठवायचे, हा होता. पाठवायचे म्हणजे जीप, घरातली दोन माणसे सोबत, आठ दिवसांचे काम बुडाले. न पाठवणे कधीकधी त्याहून महाग पडे. डॉक्टर संध्याकाळच्या बसने परत जात. त्यांच्यामागे हा निर्णय काशिनाथने किंवा गावातल्या आरोग्यसेविकेने घ्यायचा असे. त्यांना हाताशी काहीतरी असावे, हा डॉक्टरांचा ध्यास होता.

संगणक त्यांच्याकडे आला तो प्रमोद कुलथे या पेशंटमुळे. कुलथे अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. कावीळ होऊन महिनाभर घरी बसला असताना डॉक्टर त्याला भेटायला गेले आणि त्यांनी त्याच्या खाटेवर दोन हजारांवर चिठ्ठ्या ओतल्या. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक ताप: गाव, महिना, वय, कोणती लक्षणे आहेत, कोणती नाहीत, डॉक्टरांचा अंदाज काय होता आणि शेवटी काय निघाले. कुलथे म्हणाला, "डॉक्टर, मला आराम सांगितलाय ना तुम्ही?" डॉक्टर म्हणाले, "पडून करता येण्यासारखं आहे."

कुलथेने बरा होता होता आज्ञावली लिहिली. कारखान्याने मोडीत काढलेला एक संगणक मिळवला. पडद्यावर एकेक प्रश्न येई, मराठी भाषेत पण इंग्रजी अक्षरांत. 'होय'साठी एक कळ, 'नाही'साठी दुसरी. प्रत्येक उत्तरासरशी कोणत्या तापाची शक्यता किती वाढली, किती घटली याचा हिशोब आत चाले. शेवटी टक्के येत. संगणकाला धूळ चालत नाही म्हणून त्याला पडदा होता, पंखा होता आणि डॉक्टरांच्या पत्नी सुमनताईंनी शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा होता. यातले काहीच काशिनाथच्या वाट्याला आलेले नव्हते. तो संगणकाला 'पाव्हणा' म्हणे.

टक्क्यांचे आणे कसे झाले, ते काशिनाथने सांगितले. मी तिथे नव्हतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला डॉक्टरांनी पडद्यावरचे वाचून दाखवले: बासष्ट टक्के मलेरिया. म्हातारा विचारात पडला.

"म्हंजी बाकीचा अडतीस टक्के मी धडधाकट हाय?"

डॉक्टरांनी समजावले. म्हातारा ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "असं सांगा ना मग. तलाठी पिकाची आणेवारी सांगतो तसं हाय हे. सोळा आण्यांत मलेरिया किती?"

"दहा आणे."

"दहा आणे लय झाले. द्या गोळ्या."

सरकारी कागदावर तेव्हा आणेवारीची पैसेवारी झालेली होती, पण शेतकरी अजून आण्यांतच बोलत. पीक सोळा आण्यांपैकी किती येईल, हा अंदाज तालुक्यातल्या प्रत्येकाने शेताच्या बांधावर उभे राहून ऐकलेला होता. आणि तो पिकण्याआधी सांगितलेला अंदाज असतो, चुकू शकतो, हेही प्रत्येकाला ठाऊक होते. जे डॉक्टरांना दोन वर्षे लोकांना सांगता आले नव्हते, ते लोकांना आधीच येत होते. पुढच्या रविवारी कुलथेकडून त्यांनी आज्ञावलीत बदल करून घेतला. त्यानंतर पडद्यावर आणे दिसू लागले.

त्यात त्यांनी एक नियम घातला. सोळापैकी एक आणा 'माहीत नाही' या खात्यात राखून ठेवायचा. काहीही झाले तरी. आपण ज्याचे नावही ऐकलेले नाही असा ताप जगात असतो, त्याच्यासाठी ती जागा.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक फळा होता. त्यावर तीन रकाने: डॉक्टर, काशिनाथ, पाव्हणा. प्रत्येक अवघड तापाला तिघांनी आपापली आणेवारी लिहायची, एकमेकांचे न बघता. संगणकाला बघता येत नव्हतेच. रिपोर्ट आला की ताळा. कोणी भरात येऊन एखाद्या तापावर सोळाच्या सोळा आणे लावले आणि तो चुकला, तर त्याने सगळ्यांना भेळभत्ता आणायचा. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी पाच वेळा आणला, काशिनाथने तीन वेळा. संगणक नियमाने बांधलेला होता, त्यामुळे त्याच्याकडून भेळ कधी मिळाली नाही. याबद्दल काशिनाथची नाराजी होती.

ताळा पाहण्याची डॉक्टरांची रीत वेगळी होती. मी एकदा त्या वेळी हजर होतो.

"काशिनाथराव, तुम्ही ज्या तापांवर बारा आणे लावले, त्यातले चारात किती खरे निघाले?"

काशिनाथने अभिमानाने सांगितले, "चारातले चार. सगळेच्या सगळे."

"मग चुकलात."

"सगळे बरोबर आले तरी चुकलो?"

"बारा आणे म्हणजे चारातले तीन. चारही खरे येत असतील तर तुम्हाला जास्त माहीत आहे आणि तुम्ही भिऊन कमी सांगताय."

काशिनाथ माझ्याकडे वळला. "बघा साहेब. पेपरात छापा हे. बरोबर येऊनसुद्धा शिव्या खातो."

काशिनाथ सातवी शिकलेला होता, घोटीजवळच्याच गावचा. फळ्यावर मात्र तो वर्षाच्या शेवटी अनेकदा दोघांच्या पुढे असे. डॉक्टरांना याचे फार कौतुक होते. ते म्हणत, आम्ही रोग बघतो, काशिनाथराव बघतात कोण कोणाबरोबर आलं, चालत आलं की जीपने, बाकावर बसलं की आडवं झालं.

बोलताना आणे वापरायची सवय डॉक्टरांना दवाखान्याबाहेरही लागली. कंडक्टरला ते "गाडी वेळेवर, किती आणे?" असे विचारत, आणि रोजचे कंडक्टर सरळ उत्तर देत. मला ते म्हणत, "तुमच्या बातमीत 'असे समजते' लिहिता ना, तिथे आकडा घाला. नऊ आणे समजते, चौदा आणे समजते. वाचकाला कळू दे." मी हे संपादकांना सांगितले. त्यांनी मला बाजार समितीच्या सभेला पाठवले. सुमनताई थट्टेने सांगत की लग्नाच्या वेळीही डॉक्टरांचा होकार विचारायला माणूस गेला, तेव्हा "साडेचौदा आणे हो" असे उत्तर आले. "उरलेला दीड आणा अजून हप्त्याहप्त्यानं देतायत," असे त्या पुढे जोडत. ही गोष्ट खरी आहे का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी ती बारा आणे मान्य केली.

चिठ्ठ्या जमवण्याचे तिसरे वर्ष संपत आले तेव्हा नाशिकमधल्या डॉक्टरांच्या मंडळाने त्यांना मासिक सभेत बोलायला बोलावले. डॉक्टरांसाठी ही साधी गोष्ट नव्हती. सभेला पटले तर पेठ, त्र्यंबक, सुरगाणा या भागांतल्या आणखी काही दवाखान्यांत ही आज्ञावली बसवायला मंडळ मदत करणार होते. जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा पोचतो, अशी ती ठिकाणे. हसे झाले तर सगळे घोटीतच राहणार होते. सभा ऑगस्टमध्ये होती. डॉक्टर जुलैपासून बसमध्ये भाषणाची तयारी करत. विल्होळीपर्यंत प्रस्तावना, वाडीवऱ्हेपर्यंत पुरावा, घोटी येता येता निष्कर्ष.

त्या जुलैत हिराबाई आली.

पुढचे सगळे मला काशिनाथ आणि डॉक्टर दोघांनी वेगवेगळे सांगितले. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता, एवढेच की प्रत्येकाने चूक स्वतःकडे घेतली.

हिराबाई पस्तिशीची, घोटीपासून दोन तासांच्या वाटेवरच्या पाड्यावरची. नवरा नामदेव तिला घेऊन आला. चार दिवस ताप, अंग मोडून येते, डोके दुखते, अन्न जात नाही. डोळे लाल. ओल्या लाकडांच्या चुलीपुढे बसणाऱ्या निम्म्या बायकांचे डोळे जुलैत लाल असतात, त्यामुळे संगणकही त्याला फारसे महत्त्व देत नसे. मलेरियाची काच स्वच्छ निघाली. काशिनाथने संगणकाचे प्रश्न विचारले. गेल्या पंधरा दिवसांत साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरलात का? हिराबाईने मान हलवली. नाही.

संगणकाने टायफॉईडला दहा आणे दिले, साध्या तापाला साडेचार. लेप्टोला अर्धा आणा, माहीत नाहीला नेहमीचा एक. डॉक्टरांनी फळ्यावर टायफॉईड अकरा आणे लिहिले. गोळ्या द्यायच्या, दोन दिवसांनी रिपोर्ट पाहायचा, घरी पाठवायचे.

काशिनाथ खडू घेऊन उभाच राहिला. मग त्याने लिहिले: माहीत नाही, आठ आणे.

"आठ?" डॉक्टर म्हणाले. "आजवर कोणी दोनच्या वर गेलेलं नाही."

"साहेब, आवणी चाललीय."

आवणी म्हणजे भाताची रोपे उपटून चिखलात लावणे. ती चालू असते तेव्हा पाड्यावर म्हातारे आणि तान्ही पोरे सोडून कोणी घरी नसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे पोटरीभर चिखलात वाकलेले असतात.

"मग?"

"मग ही बाई पाण्यात उतरलीच नाय, हे कसं? हिला घरात कोण बसवून ठेवतंय?"

डॉक्टर बाहेर आले. हिराबाई धुतलेले लुगडे नेसून, पाय धुऊन आली होती. डॉक्टरकडे जाताना सगळेच तसे येतात. त्यांनी तिची पावले उलटी करून पाहिली. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलवटल्या होत्या. नखांत काळा चिखल होता. त्यांनी पोटरी हलकेच दाबली तशी ती ओरडली. लघवीचे विचारले. कालपासून झाली नव्हती.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "आवणीला होतात ना?"

हिराबाईने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"व्हते."

"मग पाण्यात गेले नाही, असं का सांगितलंत?"

"तुम्हीच रागावणार ना. तिथं लिवलंय."

भिंतीवर पत्र्याची पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरे: 'ताप असताना थंड पाण्यात जाऊ नये'. डॉक्टरांनी स्वतः दवाखाना काढला त्या वर्षी रंगवून घेतलेली.

"तुम्हाला वाचता येतं?"

"मला कुठं येतंय? काशिनाथभाऊ वाचून दावतो समद्यांना. आन् ज्यानं ऐकलं नाय त्याला लय बोलतो."

काशिनाथ मला म्हणाला की त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला वाटले. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला तो वर्षानुवर्षे ती पाटी मोठ्याने वाचून दाखवत होता. मग त्यांनाच आत नेऊन विचारत होता, पाण्यात उतरलात का? आणि माणसे, अंगात ताप आणि पाठीवर पाटी घेऊन, नाही म्हणत होती.

डॉक्टरांनी हिराबाईला पेनिसिलीनचे पहिले इंजेक्शन दिले आणि स्वतः जीप ठरवून तिला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पोचवले. नामदेव वाटेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता: "वाचंल ना?" पाथर्डी फाट्यापाशी नामदेव म्हणाला, "आण्यांत सांगा."

"दहा," डॉक्टर म्हणाले. नंतर मला म्हणाले, "तेव्हा मनात आठ होते. दोन आणे मी खोटे घातले. चिठ्ठीवर आठच लिहिले आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलथेला बोलावले आणि तिघांनी चिठ्ठ्यांची खोकी उघडली. तीन पावसाळ्यांतल्या भाताच्या गावांच्या चिठ्ठ्या काढल्या. पाण्याच्या प्रश्नाला जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर होते. लेप्टो निघालेल्यांनीही नाही म्हटले होते, न निघालेल्यांनीही. त्यामुळे संगणकाने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला होता की या तापाचा आणि पाण्याचा काही संबंध नाही.

"मी म्हटलं होतं," कुलथे म्हणाला, "या प्रश्नानं काही फरक पडत नाही, काढून टाकू. तुम्ही म्हणालात, पुस्तकात आहे, राहू द्या."

"आणि भाताच्या तालुक्यात जुलैत एकही माणूस पाण्यात उतरत नाही, याचं तुम्हाला नवल वाटलं नाही?"

"तुम्हाला वाटलं?"

डॉक्टर हसायला लागले. काशिनाथ सांगतो की ते पाच मिनिटे हसत होते, चष्मा काढून. "तीन वर्षं आपण ताप मोजतोय असं वाटत होतं," ते म्हणाले. "आपण पाटी मोजत होतो."

सभा दहा दिवसांवर होती. कुलथेचे मत पडले की तो रकाना वगळून बाकीचे आकडे दाखवावेत. ते चांगले होते आणि खरेही होते. डॉक्टर म्हणाले, बघू. हिराबाई नाशिकला होती, काविळीत गेली होती आणि मुंबईचा रिपोर्ट यायचा होता. रोज संध्याकाळी डॉक्टर सीबीएसवर उतरून घरी जाण्याआधी तिच्या खाटेपाशी जात. नामदेव त्यांना पाहताच विचारी, "किती?" आठाचे नऊ झाले, नवाचे अकरा. पाचव्या दिवशी लघवी मोकळी झाली. त्या दिवशी डॉक्टरांनी चौदा सांगितले आणि नामदेवने वॉर्डातल्या सगळ्यांना चहा पाजला.

सभेला मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. चाळीसेक डॉक्टर होते. देवचक्के वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक मोठे चपटे पुडके घेऊन आले. ते बसमध्ये मांडीवर धरून आणले होते, त्यामुळे शर्टावर निळे डाग होते. त्यांनी व्यासपीठावर पुडके सोडले आणि पाटी टेबलावर उभी केली.

"संगणकाला मी तीन वर्षं जे शिकवलं, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं चुकीचं होतं," असे त्यांनी भाषण सुरू केले. "कारण ही पाटी."

सांगून झाले तेव्हा सभागृहात हशा होता, पण तो त्यांनीच पिकवलेला होता. शहरातले एक ज्येष्ठ फिजिशियन उठले.

"देवचक्के, म्हणजे तुमचं यंत्र चुकतं, हे तुम्हाला मान्य आहे."

"हो. सोळा आणे."

"मग ते आम्ही का वापरावं?"

"ते कुठे चुकलं, केव्हापासून चुकलं आणि किती माणसांबाबत चुकलं, हे मी तुम्हाला खोकं उघडून दाखवू शकतो. सर, तुमचं-माझं जे चुकतं, त्याचं खोकं आहे का आपल्याकडे?"

ज्येष्ठ फिजिशियन बसले. मग पुन्हा उठून म्हणाले की त्यांना एक चिठ्ठी नमुन्यादाखल हवी आहे. ठरावाला मात्र पुरेशी मते पडली नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यांत संगणक बसवण्याचे बारगळले. चहाच्या वेळी दोन तरुण डॉक्टर, एक पेठचा आणि एक देवळ्याचा, कोऱ्या चिठ्ठ्यांची बंडले घेऊन गेले. देवळ्याच्या डॉक्टरला डॉक्टरांनी बजावले, "आमचे आकडे नेऊ नका हं. आमचा ताप भाताचा आहे, तुमचा कांद्याचा. कागद न्या, आकडे तुमचे तुम्ही भरा."

मुंबईचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. लेप्टो होता. काशिनाथने फळ्यावर ताळा केला: डॉक्टर चूक, पाव्हणा चूक, काशिनाथ बरोबर नाही पण शहाणा. हा शेवटचा शेरा डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

हिराबाई सतराव्या दिवशी घरी गेली. दिवाळीनंतर ती दवाखान्यात नव्या भाताचे तांदूळ घेऊन आली आणि रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "पाटी काढली जनू."

"काढली. मावशी, आता तुम्हीच सांगा. पाण्यात उतरलात का, असं विचारलं तर लोक घाबरतात. कसं विचारू?"

हिराबाईला हा प्रश्न फारच सोपा वाटला.

"इचारायचं काय त्यात? आवणी कुठवर आली, असं म्हनायचं. मानूस आपसूक सांगतंय."

कुलथेने पडद्यावरचा प्रश्न बदलला. पुढच्या पावसाळ्यापासून चिठ्ठ्यांचा तो रकाना भरू लागला. दोन वर्षांत त्या प्रश्नाचे वजन सगळ्यांत जड झाले. लेप्टोला दोन आणे आले की माणूस नाशिकला पाठवायचा, असा नियम डॉक्टरांनी केला. दोन आणे फार कमी नाहीत का, असे आरोग्यसेविकेने विचारले. डॉक्टरांनी काशिनाथकडे बोट केले.

"काशिनाथराव, गवतात दोन आणे साप आहे असं कळलं, तर हात घालाल?"

"एक आणा असला तरी नाय घालणार."

"ऐकलंत? यांच्या मानाने मी धाडसी आहे."

पुढे संगणक थकला. नव्या संगणकांवर कुलथेची आज्ञावली चालेना आणि कुलथेची पुण्याला बदली झाली. तोवर डॉक्टरांनी सगळ्याचे सार एका पानावर आणले होते: अकरा प्रश्न, प्रत्येकापुढे किती आणे वाढवायचे, किती कमी करायचे. पान प्लास्टिकमध्ये घालून आरोग्यसेविकांच्या पिशवीत गेले. त्याला वीज लागत नव्हती आणि घोटीत ती नसेही. पहिला प्रश्न होता, आवणी कुठवर आली? अभ्रा सुमनताईंनी धुऊन शिलाई मशीनवर घातला.

डॉक्टरांना मी शेवटचे पाहिले ते दोन हजारनंतरची पाच-सहा वर्षे उलटल्यावर, जुलै महिन्यात, घोटीच्या बसस्टँडवर. दवाखाना त्यांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला होता. तरी आठवड्यातून एकदा ते जात. फळ्यावर आता बाईंचा चौथा रकाना होता, तो बघायला जातो, असे ते म्हणाले. काशिनाथ अजून पहिला होता. पाऊस रिपरिपत होता. आम्ही दोघे नाशिकच्या बसची वाट पाहत बाकावर बसलो होतो. डॉक्टरांच्या पलीकडे घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन.

बस लागली. मी चढलो, खिडकीची जागा धरली आणि डॉक्टरांसाठी शेजारी रुमाल टाकला. ते येईनात. खाली पाहिले तर ते म्हाताऱ्याकडे वळून बसले होते.

"काय बाबा, आवणी कुठवर आली?"

"झाली की परवाच," म्हातारा म्हणाला. "तवापासून आंग मोडून आलंय बघा."

डॉक्टरांनी छत्री बाकाला टेकवली, खाली वाकून म्हाताऱ्याची पोटरी दाबली, मग त्याचे डोळे पाहिले. मग त्याला काखेत धरून उभे केले. कंडक्टरने घंटी दिली.

"डॉक्टर, गाडी सुटली!" मी खिडकीतून ओरडलो. "किती आणे?"

त्यांनी मान वर करून पाहिले. एका हाताने म्हाताऱ्याला धरलेले होते. दुसऱ्या हाताची चार बोटे वर केली. लेप्टो चार आणे; म्हणजे म्हातारा नाशिकला जाणार होता, आणि डॉक्टर त्याच्याबरोबर जीपने.

बस फाटकाकडे वळली तेव्हा पुन्हा दिसले. ते म्हाताऱ्याला घेऊन दवाखान्याच्या दिशेने निघाले होते, छत्री बाकापाशीच विसरून. मधेच थांबले, काहीतरी राहिल्यासारखे मागे वळले आणि बसच्या दिशेने हात उंचावून आणखी एक बोट दाखवले. राखून ठेवलेला आणा.